तेजोमेघांतील चुंबकत्व

ताऱ्याताऱ्यांमधील अवकाश रिते नाही. तेथे अतिविरल वायू व सूक्ष्म धूलिकण पसरलेले असून त्यांचेच पुढे मेघ बनतात. त्या वायूतील काही अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेले असतात. अशा विद्युत्‌भारित वायूस प्लाझ्मा म्हणतात. चुंबकीय बलरेषा त्यात जणू गोठून बसतात. वायू हलला की त्याही ओढल्या जातात. परंतु जेथे होकायंत्र नेता येत नाही, तेथील चुंबकत्व मोजावयाचे कसे?

याचे उत्तर दुसऱ्याच शोधाच्या वाटेवर सापडले. अतितप्त ताऱ्याच्या कडेकडील प्रकाश अंशतः ध्रुवित, म्हणजे एका विशिष्ट दिशेने अधिक कंप पावणारा, असावा, असे भाकीत सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९४६ मध्ये केले होते. परस्परांना ग्रहण लावणाऱ्या युग्मताऱ्यांवर ते पडताळू पाहणाऱ्या हिल्टनर व हॉल यांना ध्रुवण आढळले खरे. पण ग्रहण असो वा नसो, ते तसेच राही! १९४९ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. अर्थात हा गुण ताऱ्याचा नव्हे, वाटेतील धुळीचा. लांबट धूलिकण बलरेषांना आडवे राहून गरगरतात व आपल्या लांबीच्या दिशेने कंप पावणारा प्रकाश अधिक अडवितात. म्हणून पार आलेल्या प्रकाशाची कंपनदिशा हीच बलरेषांची दिशा होय.

दिशा कळली, बळ किती? तंबोऱ्याची सैल तार थोड्या धक्क्यानेही फार हेलकावते, ताणलेली तार सहसा ढळत नाही. १९५३ मध्ये चंद्रशेखर व एन्रिको फेर्मी यांनी हाच विचार बलरेषांना लावला. वायूची घनता व त्याच्या खळबळीचा वेग ठाऊक असल्यास, बलरेषा किती वेड्यावाकड्या झाल्या आहेत यावरून त्यांचे बळ काढता येते. उत्तर आले सुमारे ७ दशलक्षांश गॉस. भारतात पृथ्वीचे क्षेत्र ०.४ गॉसच्या आसपास असते. हे त्याच्या पन्नास हजारांशाहूनही क्षीण! पुढे १९६८ मध्ये व्हर्शूर यांनी हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेषेचे चुंबकत्वाने होणारे विभाजन रेडिओ दुर्बिणीने टिपले, आणि एका दिशेच्या मेघांत सुमारे २० दशलक्षांश गॉस एवढे क्षेत्र प्रत्यक्ष मोजले गेले.

इतक्या दुबळ्या बळाची दखल का घ्यावी? द्रव्यही तितकेच विरळ आहे, म्हणून. गुरुत्वाकर्षण मेघास आकुंचित करून तारा घडवू पाहते. दाटत जाणाऱ्या बलरेषा त्यास विरोध करतात. विद्युत्‌भाररहित अणुरेणू मात्र त्यांच्यामधून हळूहळू आत निसटतात. ताऱ्यांच्या जन्मास लागणाऱ्या विलंबात या विरोधाचा वाटा किती, याविषयी ज्योतिर्विदांत अद्याप एकमत नाही. २००९ मध्ये सोडलेल्या प्लँक उपग्रहाच्या नकाशांत विरळ वायूचे तंतू बलरेषांना समांतर, तर दाट मेघांचे तंतू बहुधा आडवे पडलेले दिसले आहेत.