पत्र्याखालचा पाऊस, जातं आणि आठशे रुपयांचा माईक

पन्हाळ्यावरून बोलतोय. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना आलेले 'म्हणजे काय की' बरेचसे काढलेत, काही राहिले असतील तर चालवून घ्या.

'कुठला माईक घेऊ?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. उत्तर देण्याआधी माझी फजिती ऐका.

गेल्या वर्षी आषाढात मी गडाच्या पायथ्याला आत्तीकडे गेलो होतो. आत्तीचं वय अठ्ठ्याहत्तर. जात्यावरच्या ओव्या येणारी आमच्या घरात आता ती एकटीच. मी नुकताच एकोणीस हजारांचा कंडेन्सर माईक घेतला होता, त्यामुळे अंगात वारं. पडवीत जातं, वर पत्रा. माईक पाच फुटांवर स्टुलावर ठेवला, म्हणजे जात्याचा धक्का लागायला नको. आत्ती दळायला बसली आणि चाळीस मिनिटं गात राहिली. मध्येच सर आली. मला वाटलं, वा, वातावरण छान आलं.

घरी येऊन हेडफोन लावला. पाऊस एक नंबर रेकॉर्ड झाला होता. त्याच्या मागे कुठेतरी आत्ती.

आता हे का झालं ते बघू. आवाज तोंडातून निघाला की पसरत जातो. माईकचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. अर्ध्या फुटावरून एक फुटावर गेलात की ६, दोन फुटांवर १२, चार फुटांवर १८. पण पत्र्यावरचा पाऊस एका ठिकाणाहून येत नाही. अख्खा पत्रा ढोलाच्या कातड्यासारखा थरथरत असतो. पडवीत माईक कुठेही ठेवा, पाऊस जवळपास तेवढाच. म्हणजे मी माईक लांब नेला तेव्हा आत्तीचा आवाज कमी केला, पावसाचा नाही. नंतर कॉम्प्युटरवर आवाज वाढवला तर दोन्ही वाढले. आवाज साफ करणारी सॉफ्टवेअरही वापरून पाहिली. पावसाचा आवाज खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत सगळीकडे सांडलेला असतो, तो खरवडताना 'स', 'श', 'च' पण निघून जातात. आत्ती पाण्याखालून गातेय असं वाटायला लागलं.

इथे एक गैरसमज मोडून टाकतो. 'कंडेन्सर सगळं पकडतो, डायनॅमिक माईक बाहेरचा आवाज गाळतो' असं दुकानात सांगतात. गाळत बिळत काही नाही. डायनॅमिकमध्ये चुंबक आणि तारेची गुंडाळी असते, तो मुळात कमी संवेदनशील. म्हणून आपण तो ओठांजवळ धरतो, आणि तोंड जवळ आलं की बाकीचं आपोआप मागे पडतं. जत्रेत कीर्तनकार साधा माईक तोंडाला लावून बोलतात आणि शेवटच्या रांगेपर्यंत शब्द कळतो, ही किमया अंतराची आहे.

दुसरी गोष्ट खोलीची. गडावर आलात तर अंबरखान्यात गंगा कोठीत उभे राहून एक टाळी वाजवा. दगडी भिंती, वर कमानी, टाळी किती वेळ घुमते बघा. तिथे दोन वाक्यं लागोपाठ बोललात तर पहिलं दुसऱ्यावर चढतं. या एका कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं म्हणतात. मला नेहमी वाटतं, धान्याने भरलेली असताना हीच कोठी किती मुकी असेल. दाण्यांच्या फटीत शिरलेला आवाज तिथेच जिरतो. आपल्या घरातही तेच गणित. जांभ्याची भिंत, शहाबादी फरशी, पत्र्याचं कपाट असलेली खोली म्हणजे छोटी गंगा कोठी. त्यावर उपाय वाकळ. आजीच्या जुन्या लुगड्यांच्या जाड वाकळा, दोन मागे दोरीवर, एक फरशीवर. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. तो पातळ कागद वरच्या पट्टीतलं थोडंसं शोषतो, बाकी खोली जशी होती तशीच.

पण हेही सांगतो, वाकळेने घुमणं कमी होतं, बाहेरचा आवाज अडत नाही. पावसावर उपाय एकच, थांबणे.

मी मार्चपर्यंत थांबलो. आता दुसरा पेच. दळताना बाई स्थिर बसत नाही. खुंटा पुढे गेला की अंग पुढे, मागे आला की मागे. आत्तीचं तोंड माईकपासून कधी अर्धा फूट, कधी दीड फूट. तिप्पट अंतर म्हणजे साडेनऊ डेसिबलचा फरक, प्रत्येक फेऱ्याला. आवाज लाटेसारखा येतो नि जातो. 'आत्ती, जरा न हलता गा की,' म्हटलं तर म्हणाली, 'आरं, जातं फिरल्याबिगर तोंडात येतंय व्हय?' तिचं खरं होतं. नुसतं बसून तिला चार ओव्यांच्या पुढे जाता आलं नाही.

मग एकोणीस हजार बाजूला ठेवले. आठशे रुपयांचा वायरचा कॉलर माईक ब्लाउजच्या खांद्याजवळ पिनेने लावला आणि वायर मोबाईलला. माईक आता तिच्याबरोबर हलत होता, अंतर कायम. जात्याची घरघर खाली, आवाज वर. पदर घासून खरखर यायची, म्हणून पदर दुसऱ्या बाजूने खोचायला लावला. मोबाईलचा चार्जर काढला, कारण त्या घरात अर्थिंग नाही आणि चार्जर लावला की ५० हर्ट्झची गुणगुण येते. एवढंच.

गडावर उघड्यावर रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी एक जोड. तीन दरवाजाकडे वारा असतो तेव्हा ऐकू येणारा 'भडभड' हा हवेत दुरून आलेला आवाज नसतो, वारा माईकच्या पडद्यावर आपटून तिथेच तयार होतो. म्हणून माईकभोवती शांत हवेचा कप्पा लागतो. स्पंजच्या टोपीपेक्षा केसाळ कापड बरं. मी जुन्या टेडीचं कातडं शिवलंय, पोरीने अजून माफ केलेलं नाही.

घरी बनवायच्या वेड्यांना, म्हणजे मला स्वतःला, एक सांगायचंय. कोल्हापूरला हा नाद जुना. आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथे तयार करायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी दामल्यांना घेऊन १९१८ मध्ये तो पुरा केला आणि पुढे 'सैरंध्री' काढला. पण त्यांनी कॅमेरा बनवला तो चित्रपट काढायचा होता म्हणून. मी दोन महिने प्रीअँप बनवत बसलो, त्या दोन महिन्यांत एकही भाग निघाला नाही. वायरी स्वतः सोल्डर करा, पॉप फिल्टर भरतकामाच्या रिंगणावर ताणा, स्टँड वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या. बाकी आधी उसनं मागा.

ओव्यांची घाई का, तेही सांगतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या गावागावांतून लाखावर ओव्या गोळा झाल्या. त्या सगळ्यांचं ध्वनिमुद्रण नाही, पुष्कळशा नुसत्या लिहून घेतलेल्या आहेत. शब्द राहिले, चाल आणि दम घेण्याची जागा गेली.

मार्चमधली फाईल या भागाला जोडलीय, छत्तीस मिनिटं आहे. आषाढात आत्तीने तिच्या थोरल्या भावावर, म्हणजे माझ्या वडिलांवर, तीन ओव्या म्हटल्या होत्या. त्या या वेळी आल्या नाहीत. मी विचारलं, तर म्हणाली, 'कुठल्या रं?' मी त्या पावसातल्या फाईलमधून कान देऊन उतरवायला बसलोय. पहिल्या दोन जमल्यात. तिसरीतला एक शब्द अजून पत्र्याखालीच आहे. ज्यांचे कान तरुण आहेत त्यांनी मागा, तेवढा तुकडा पाठवतो.