अंगठीवरचे ७५० म्हणजे किती टक्के?

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे झाला. (ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिहून काढलंय. बोललो तसंच ठेवलंय, थोडं झाडूनपुसून.)

एका ताईला पहिल्या पगारातून आईसाठी अंगठी घ्यायची आहे. ती विचारते, "दादा, दुकानदार म्हणाले ९१६ परवडत नसेल तर ७५० घ्या, फरक फार नसतो. हे ७५० म्हणजे साडेसात टक्के की पंच्याहत्तर? आणि फार नसतो म्हणजे किती?"

ताई, पंच्याहत्तर. आता ते कसं, ते बघू.

सोन्याची शुद्धता कॅरेटमध्ये सांगतात आणि पूर्ण शुद्ध म्हणजे २४. म्हणजे १८ कॅरेट सोन्यात चोवीस भागांतले अठरा भाग सोनं, बाकीचे सहा तांबं, चांदी वगैरे. हा सरळसरळ शाळेतला अपूर्णांक आहे, १८/२४. फक्त छेद, म्हणजे खालचा आकडा, कुणी बोलून दाखवत नाही. घोळ होतो तो तिथेच.

मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा. वरचा आकडा भागिले खालचा. १८ भागिले २४, उत्तर ०.७५. आता २२ भागिले २४ करा. ०.९१६६६... सहा संपतच नाहीत. हॉलमार्कवर पॉइंटनंतरचे तीनच आकडे घेतात, म्हणून २२ कॅरेटला ९१६ आणि १८ ला ७५०. थोडक्यात शिक्का हजारातला हिशोब सांगतो आणि टक्का शंभरातला. म्हणून ७५० ला दहाने भागायचं, ७५ टक्के. आणि हातात ०.७५ असेल तर शंभराने गुणायचं, म्हणजे पॉइंट दोन घरं उजवीकडे. तेच ७५.

उलट जायचंय? ७५ टक्के म्हणजे ७५/१००. दोन्हीकडे २५ चा भाग जातो, राहिले ३/४. आणि याला आपल्याकडे केव्हाचा शब्द आहे: पाऊण! अठरा कॅरेट म्हणजे पाऊण सोनं. आधीच्या पिढ्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी असे अपूर्णांकांचे पाढेच पाठ केलेले. आपण मात्र 'शंभर नंबरी सोनं' म्हणतो आणि शिक्क्यावरचे नंबर बघून गोंधळतो.

(एक सांगून ठेवतो, नाहीतर कमेंट येतील. १४ भागिले २४ केलं तर ५८३ येतं, पण शिक्का ५८५ असतो. तुमचं गणित चुकलेलं नाही, मानकात आकडाच तसा ठरलाय.)

आता पैशांचं बोलू. हिशोब सोपा व्हावा म्हणून २४ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरतो. रोजचा भाव तुम्ही घाला. अंगठी ४ ग्रॅमची. ९१६ मध्ये शुद्ध सोनं ३.६६४ ग्रॅम, ७५० मध्ये बरोबर ३ ग्रॅम. फरक ६,६४० रुपयांचा. 'फार नाही' म्हणण्याइतका नक्कीच नाही. ७५० वाईट असतं असं मी म्हणत नाही हां, ते जास्त टणक असतं, हिऱ्याच्या दागिन्यांत बरेचदा तेच वापरतात. पण पाऊण सोन्याला पाऊणच भाव द्यायचा.

तपासायचं कसं? दुकानदाराने सांगितलेला १८ कॅरेटचा भाव भागिले त्या दिवसाचा २४ कॅरेटचा भाव. समजा तो ८,००० म्हणाला. ८,००० भागिले १०,००० म्हणजे ०.८०. शिक्का ०.७५ सांगतोय आणि भाव ०.८०. ग्रॅममागे ५०० रुपये जादा, चार ग्रॅमला २,०००. तिथेच विचारायचं, "काका, हे वरचे पाच टक्के कशाचे?"

दुसरी जागा म्हणजे 'घडणावळीवर ५० टक्के सूट' ही पाटी. ५० टक्के ऐकून आपल्याला निम्मं बिल दिसायला लागतं. सोनं ३०,००० चं (७,५०० गुणिले ४), घडणावळ १६ टक्के धरली तर ४,८००. एकूण ३४,८००. सूट मिळाली घडणावळीच्या निम्मी, म्हणजे २,४००. आता २,४०० भागिले ३४,८००: ०.०६८९... पॉइंट दोन घरं सरकवा. सात टक्क्यांच्याही आत! पाटी खोटी नाही, पण ते ५० टक्के घडणावळीचे आहेत, बिलाचे नाहीत. जीएसटी तर मी अजून धरलेलाच नाही.

तर ताई, दुकानात जाताना तीन आकडे टिपून घे: त्या दिवसाचा २४ कॅरेटचा भाव, दुकानदाराचा १८ चा भाव आणि घडणावळीचे टक्के. अंगठीवर बीआयएसचं चिन्ह, ७५० आणि सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी, तिन्ही भिंगातून बघून घे. दुकानदार भिंग देतात, लाजू नकोस. आणि आईला अंगठी आवडली का, ते पुढच्या व्हॉइस नोटमध्ये सांग.