दगडाचा पापड

सामाजिक कामाच्या निमित्ताने मी बऱ्याच सोसायट्यांच्या मीटिंगांना बसते. एक विषय तिथे हमखास तासभर चालतो. इमारतीच्या दर्शनी भागाला काय लावायचं? कुणाला टाइल्स हव्या असतात, कुणाला काच, कुणाला राजस्थानी दगड. शेजारच्या सोसायटीपेक्षा आपली उठून दिसली पाहिजे, यावर मात्र एकमत! आणि गच्चीच्या गळतीचा विषय निघाला की निम्मी मंडळी जेवायची वेळ झाली म्हणून उठतात.

अशा वेळी शिकागोतल्या एका इमारतीची गोष्ट सांगण्याचा मोह मला आवरत नाही. मैत्रिणींनो, आज तुम्हीही ऐका.

शिकागोच्या भर मध्यवस्तीत, मिशिगन सरोवराजवळ, ८३ मजल्यांची एक पांढरी इमारत आहे. आज तिचं नाव एऑन सेंटर. एका बड्या तेल कंपनीने ती मुख्यालय म्हणून बांधली, तेव्हा तिला स्टँडर्ड ऑइल बिल्डिंग म्हणत, मध्यंतरी ती अमोको बिल्डिंगही झाली. १९७३ मध्ये ती उभी राहिली तेव्हा शिकागोत तिच्याहून उंच काही नव्हतं. (हा मान सिअर्स टॉवरने लगेचच पळवला, तो भाग वेगळा.) वास्तुकार एडवर्ड ड्युरेल स्टोन यांनी तिला पायापासून माथ्यापर्यंत इटलीतल्या कराराचा पांढराशुभ्र संगमरवर नेसवला. एकूण ४३,००० फरश्या!

नेसवला म्हणते ते मुद्दाम. जुन्या इमारतींमध्ये दगड हा भिंतीचाच भाग असायचा, चांगला हातभर जाड. इथे इमारतीचा सगळा भार आतल्या पोलादावर. संगमरवर म्हणजे वरचं वस्त्र. आणि वस्त्र हलकं हवं म्हणून फरशी किती जाड? सव्वा ते दीड इंच.

पहिला इशारा बांधकाम चालू असतानाच मिळाला. २५ डिसेंबर १९७३, नाताळचा दिवस. सुमारे १६० किलो वजनाची एक फरशी सुटली आणि शेजारच्या प्रुडेन्शियल इमारतीचं छप्पर फोडून आत गेली. तीच रस्त्यावर पडली असती तर? पण इमारत पुरी झाली, वापरात आली, कौतुकही झालं.

संगमरवराचं दुखणं त्याच्या पोटातच असतं. कॅल्साइट नावाच्या खनिजाचे बारीक स्फटिक एकमेकांत घट्ट बसून हा दगड झालेला असतो. तापला की प्रत्येक स्फटिक एका दिशेने फुगतो आणि दुसऱ्या दिशेने चक्क आकसतो. त्यातून प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे! एकत्र कुटुंबात उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हावी तशी रेटारेटी होते. गार झाल्यावर सगळे पुन्हा पूर्वीच्या जागी पुरते बसत नाहीत. दगड आतून सैल होतो, ओल शिरते, पुन्हा ऊन, पुन्हा थंडी. जाड दगड हे वर्षानुवर्षं सोसतो. पातळ फरशी मात्र वाकायला लागते. गच्चीवर वाळत घातलेला पापड वळतो ना, अगदी तशी. शिकागोचा हिवाळा हाडं गोठवणारा आणि उन्हाळा चांगलाच कडक, म्हणजे पापडाला दोन्हीकडून जाच.

१९८५ च्या तपासणीत ठिकठिकाणी तडे आणि पोट पुढे काढलेल्या फरश्या सापडल्या. तेव्हा काय केलं? स्टेनलेस स्टीलचे पट्टे लावून फरश्या जागच्या जागी धरून ठेवल्या. करोडोंच्या इमारतीला कंबरपट्टे! दिसायला कसं दिसलं असेल कोण जाणे, पण मला हा निर्णय फार आवडतो. आधी खालून चालणाऱ्या माणसाचा जीव, शोभेचं मागाहून बघू.

मग १९९० ते १९९२ या काळात सगळा संगमरवर उतरवला आणि त्या जागी नॉर्थ कॅरोलायनातल्या माउंट एअरीचा पांढरा ग्रॅनाइट बसवला, दोन इंच जाडीचा. खर्च आला आठ कोटी डॉलरच्या वर. मूळ अख्खी इमारत बांधायलाच बारा कोटी लागले होते! म्हणजे फॉलपिकोलाच साडीच्या निम्म्याहून जास्त पैसे पडावेत तसं. पण कंपनीने अर्धामुर्धा इलाज केला नाही, हे तिच्या पदरात टाकलंच पाहिजे.

फिनलंडमधल्या हेलसिंकीची तऱ्हा निराळी. तिथलं फिनलंडिया सभागृह आल्व्हार आल्टो यांचं, १९७१ चं. तिथेही कराराचाच संगमरवर, तोही असाच वाकला. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस फरश्या बदलल्या, पण मूळ रूप राखायचं म्हणून पुन्हा तोच दगड! काही वर्षांत पुन्हा तेच. २०२२ मध्ये सुरू झालेल्या दुरुस्तीत तो परत काढला आणि उत्तर इटलीतला दुसरा, लासाचा संगमरवर लावला. मला त्या लोकांचा राग येत नाही. आजीची नथ मोडून घ्यायला जीव होत नाही, तसंच ते.

आपल्याकडे बर्फ नाही, पण पाऊस आहे. टाइलमागे सिमेंट नीट भरलेलं नसलं की पोकळी राहते, तिथे चार पावसाळे पाणी मुरतं आणि एक दिवस टाइल सुटते. एका सोसायटीत मी हे पाहिलं आहे. दर्शनी भिंतीवरून दगडाचा तुकडा पडला तो वॉचमनच्या पाण्याच्या पिंपावर. त्याची धाकटी मुलगी रोज तिथेच भांडी घासायची, त्या दिवशी शाळेत गेली होती म्हणून बरं. मीटिंगमध्ये चर्चा झाली ती त्याच रंगाचा दगड आता कुठे मिळेल याची!

तेव्हा तुमच्याकडे कंत्राटदार नमुन्यांची पेटी उघडून बसेल तेव्हा रंगाच्या आधी चार गोष्टी विचारा बायांनो. जाडी किती? नुसतं चिकटवणार की स्टीलच्या खिळा-क्लिपांनी धरणार? पावसाळ्यानंतर भिंत ठोकून बघायला कोण येणार? पोकळ जागा बद्द वाजते, ते तुमच्या माझ्या कानालाही कळतं, माठ घेताना आपण तेच तर करतो. आणि मुख्य म्हणजे, त्या भिंतीखाली रोज कोण बसतं? भाजीवाली, इस्त्रीवाला, वॉचमनचं बिऱ्हाड. यांतलं कुणी मीटिंगला नसतं.

शिकागोच्या त्या हजारो फरश्यांचं पुढे काय झालं, हे कुणीतरी विचारतंच. दोन तृतीयांश संगमरवर भरडून कंपनीच्या इंडियानातल्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या आवारात शोभेसाठी पसरला. एक षष्ठांश एका विद्यापीठाला गेला. उरलेला षष्ठांश मिळाला एका छोट्या कार्यशाळेला. तिथे २५ अपंग कामगार होते आणि सरकारच्या पुनर्वसन खात्याचं अनुदान होतं. ८३ मजल्यांवरून उतरलेल्या त्या दगडातून त्यांनी टेबलावरची घड्याळं आणि पेन ठेवायचे स्टँड कोरले.