फुगीर चाकांची शेतगाडी : सोय आणि सावधगिरी

हल्लीं परदेशांतील शेतीचीं चित्रें पाहतांना एक ठेंगणी, फुगीर चाकांची उघडी गाडी वारंवार दृष्टीस पडते. घोड्याप्रमाणें तिच्यावर मांड टाकून बसतात व मोटारसायकलसारखा दांडा धरून ती हांकतात. तिला एटीव्ही अथवा क्वाड बाईक म्हणतात. ती आपल्या शेतावर असावी काय, असें कित्येक बागाइतदारांच्या मनांत येत असेल. म्हणून तिचे गुणदोष येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या गाडीचा जन्म शेतीसाठीं झालेला नाहीं. हिवाळ्यांत मोटारसायकली खपत नाहींत, तेव्हां विकावयास दुसरें कांहीं तरी द्यावें, ही अमेरिकेंतील विक्रेत्यांची मागणी होती. ती पुरविण्याकरितां जपानच्या होंडा कंपनीनें १९७० सालीं तीन चाकांची गाडी तेथें विक्रीस आणिली. बर्फ, वाळू व चिखल यांवरून ती सहज जाई. पुढें शेतकऱ्यांनींहि तिचा उपयोग ओळखला. परंतु ती वळणावर कलंडे. अपघात फार झाल्यामुळें १९८८ सालीं अमेरिकेंत सरकारशीं झालेल्या तडजोडीनें तिची विक्री थांबली, आणि चार चाकांची गाडी रूढ झाली.

तिचें सामर्थ्य चाकांत आहे. मोटारसायकलच्या चाकांत हवेचा दाब पंचवीस-तीस पौंड लागतो. हिच्या चाकांत तो साधारण पांच पौंडच ठेवितात. त्यामुळें चाक पसरतें, भार मोठ्या जागेवर विभागला जातो, आणि ओल्या जमिनींत गाडी सहसा रुतत नाहीं. न्यूझीलंडांत डोंगरउतारावर मेंढरें वळविणें, कुंपण तपासणें, चारा पोंचविणें हीं कामें तिच्यावरून होतात. मात्र ती ट्रॅक्टरची किंवा बैलजोडीची जागा घेणार नाहीं. ज्यांची जमीन एकाच ठिकाणीं दहा-पांच एकर आहे, त्यांस पायीं फेरी मारणेंच परवडेल.

आतां धोक्याकडे वळूं. गाडीची रुंदी सुमारें चार फूट, वजन सुमारें तीनशें किलो, आणि आसन उंच. आडव्या उतारावर भार खालच्या चाकांच्या बाहेर गेला कीं ती उलटते व स्वाराच्या अंगावर येते. छाती दाबली जाऊन श्वास कोंडतो. एकट्या मनुष्यास ती बाजूस सारतां येत नाहीं, आणि शेतांत हांकेला ओ देणारा जवळ असतोच असें नाहीं. ऑस्ट्रेलियांत २०११ सालानंतरच्या वर्षांत अशा गाड्यांनीं दर वर्षीं सरासरी सुमारें १६ माणसें दगावलीं. म्हणून ११ ऑक्टोबर २०२१ पासून तेथें विकल्या जाणाऱ्या नव्या शेतोपयोगी क्वाड गाडीस स्वाराच्या रक्षणार्थ कमान असणें कायद्यानें आवश्यक झालें.

आपल्याकडे वाहनावर जागा दिसली कीं दुसरा बसतो, आणि पुढें लेंकरूं बसवितात. येथें ती संवय घातक आहे. स्वारानें वळणावर व उतारावर आपलें अंग झोंकून तोल राखावा लागतो. मागें माणूस असल्यास तें साधत नाहीं. एका आसनाच्या गाडीवर एकानेंच बसावें. सोळा वर्षांखालील मुलांच्या हातीं मोठी गाडी देऊं नये. किल्ली खुंटीवर न ठेवितां पेटींत ठेवावी. फवारणीची टाकी अर्धवट भरून उतारावर जाऊं नये, कारण पाणी एका बाजूस धांवून तोल बिघडवितें. बांध तिरपा ओलांडूं नये. शिरस्त्राणावांचून बसूं नये.

खरेदीपूर्वीं त्या गाडीची रस्त्यावरील नोंदणी होते कीं नाहीं, हें कागदावर पाहावें. नाहीं तर दोन शेतांमधील सरकारी रस्ताच आडवा येईल. एवढें पाहून जो ती घेईल, त्याचे श्रम खचित वांचतील. परंतु किंमत विचारतांना कमानीचीहि विचारावी. तेवढ्यासाठीं काटकसर करूं नये, असें आम्ही आग्रहानें सांगतों.