कूपन वटवले कोणी?

गेल्या उन्हाळ्यात बार्शीटाकळीला मामांकडे गेलो होतो. पेरणीच्या तयारीचे दिवस होते. एका दुकानाने मामांच्या व्हॉट्सॲपवर कूपन पाठवले होते : फवारणी पंपावर शंभर रुपये सूट. आम्ही दोघे दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने कूपनचा क्रमांक संगणकात घातला. पडद्यावर चक्र फिरत राहिले. नेट गेले होते. थोड्या वेळाने त्याने तोच क्रमांक पुन्हा घातला आणि म्हणाला, "काका, हे कूपन तुम्ही आधीच वापरलंय."

मामा चिडले. "अरे भाऊ, मोबाईल तं माह्याच खिशात व्हता. मंग कूपन वापरलं कोनं?"

शंभर रुपयांपेक्षा चारचौघांत खोटे ठरल्याचे त्यांना अधिक लागले. मामा खोटे बोलत नव्हते आणि तो मुलगाही नाही. मग चुकले कुठे? हे समजण्यासाठी अशा कूपनचा प्रवास पाहू.

छापील कूपन दुकानदार घेतो, फाडतो, संपले. कागद एकच असल्याने ते दोनदा वापरता येत नाही. मोबाइलवरच्या संदेशाच्या मात्र शंभर प्रती क्षणात होतात. म्हणून खरे कूपन मोबाइलमध्ये नसतेच. ते असते दुकानाच्या सर्व्हरवरच्या नोंदवहीतील एक ओळ : क्रमांक अमुक, कोणाला दिले, वटले की नाही. संदेश आपल्याला फक्त तो क्रमांक कळवतो.

हा क्रमांक सहज ओळखता येऊ नये. समजा, चार अंकी क्रमांक ठेवला आणि हजार कूपने वाटली. एकूण शक्यता दहा हजार. म्हणजे कोणीही अंदाजाने क्रमांक सांगितला तरी दहात एकदा तो बरोबर निघेल! त्याऐवजी ३२ चिन्हांतून निवडलेली आठ चिन्हे घेतली, तर शक्यता होतात ३२ चा आठवा घात, म्हणजे एक लाख नऊ हजार कोटींहून अधिक.

आता कूपन पाठवल्यावर काय होते ते पाहू. व्हॉट्सॲपने २०१८ साली मोठ्या व्यवसायांसाठी संगणकीय साधने उपलब्ध केली. दुकानाचा सर्व्हर त्यांच्यामार्फत संदेश पाठवतो आणि प्रत्येक संदेशाला एक ओळखक्रमांक मिळतो. पुढे संदेश निघाला, पोहोचला, वाचला किंवा पोहोचलाच नाही, हे व्हॉट्सॲप दुकानाच्या सर्व्हरला आपणहून कळवते. अशा उलट निरोपाला संगणकवाले 'वेबहुक' म्हणतात. निरोपाची पोच मिळाली नाही, तर तोच निरोप पुन्हा येतो. त्यामुळे आलेले निरोप मोजून चालत नाही. वेगवेगळे ओळखक्रमांक मोजावे लागतात. शिवाय ज्याने वाचल्याची निळी खूण बंद ठेवली आहे, त्याने संदेश वाचला तरी तसा निरोप येत नाही.

यातला एकही निरोप कूपन वटल्याचे सांगत नाही. ती बातमी फक्त काउंटरवर जन्मते. म्हणून संदेशाचा ओळखक्रमांक आणि कूपनचा क्रमांक यांची जोडी नोंदवहीत ठेवावी लागते. तरच 'शंभरांना पाठवले, नव्वदांना पोहोचले, तिसांनी वापरले' असा हिशेब लागतो.

आता मामांच्या कूपनकडे वळू. मुलाने पहिल्यांदा क्रमांक घातला तेव्हा विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचली होती. तिथे 'वटले' अशी नोंदही झाली. मात्र उत्तर परत येताना नेट गेले. दुसऱ्या प्रयत्नात सर्व्हरने आपल्या परीने खरेच सांगितले : हे कूपन वापरलेले आहे. मालकाने नोंद उघडली तेव्हा उलगडा झाला. पहिली नोंद त्याच काउंटरची होती, अवघ्या तीन मिनिटांपूर्वीची. मामा तेव्हा समोरच उभे होते!

यावर उपाय साधा आहे. काउंटरवरून जाणाऱ्या प्रत्येक विनंतीलाही स्वतःचा क्रमांक द्यायचा आणि उत्तर आले नाही, तर त्याच क्रमांकाने पुन्हा विचारायचे. सर्व्हर ओळखतो, 'ही तर मघाचीच विनंती', आणि मघाचेच उत्तर देतो : सूट द्या. वेगळ्या क्रमांकाची विनंती आली, तरच 'आधीच वापरले' म्हणतो.

हा प्रश्न दुकानाच्या सवलतीपुरता नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय देयक महामंडळाने तयार केलेले 'ई-रुपी' २ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाले. ठरावीक व्यक्तीला, ठरावीक कामासाठी, एसएमएस किंवा क्यूआर चित्राच्या रूपात मिळणारे हे कूपन आहे. त्यासाठी बँकेचे कार्ड किंवा ॲप लागत नाही. वटवताना मोबाइलवर एक सांकेतिक क्रमांक येतो, तो सांगावा लागतो. सुरुवातीला त्याची मर्यादा दहा हजार रुपये होती आणि ते एकदाच वापरता येई. फेब्रुवारी २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सरकारी कूपनांसाठी ही मर्यादा एक लाख करण्याचे आणि रक्कम संपेपर्यंत पुन्हा वापरू देण्याचे जाहीर केले. इथे विनंतीचा क्रमांक अधिकच महत्त्वाचा ठरतो. एकदाच वापरायच्या कूपनची विनंती दोनदा गेली, तर नकार मिळतो. शिल्लक असलेल्या कूपनची गेली, तर पैसे दोनदा कापले जाऊ शकतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आजीचा नोंदलेला मोबाइल नातवाजवळ असेल आणि नातू शिकायला अकोल्यात असेल, तर संदेश 'पोहोचला' असे दिसेल. आजीच्या हाती काहीच आलेले नसेल. पोहोचणे आणि मिळणे यांतला फरक वटल्याच्या नोंदीतूनच कळतो.

हे सारे वर्गात करून पाहता येते. वीस चिठ्ठ्यांवर क्रमांक लिहून वाटा; मुलांना त्यांच्या नकला करू द्या. दोन मुलांना दुकानदार करा, प्रत्येकाकडे स्वतंत्र वही. एकच क्रमांक दोन्हीकडे वटेल. मग वही एकच ठेवा, ती तिसऱ्या मुलाकडे द्या आणि दुकानदारांचे निरोप नेण्यासाठी दोन निरोपे नेमा. नकला चालेनाशा होतील. शेवटी एका निरोप्याला हळूच सांगा, "निरोप पोहोचव, पण उत्तर घेऊन परत येऊ नकोस." दुकानदार वाट पाहून दुसरा निरोप्या पाठवील. आता वहीवाल्याने काय उत्तर द्यावे? नियम तुम्ही सांगू नका. मुलांनाच शोधू द्या.