चालकाची बैठक

जळगांवाहून अजिंठ्याकडे निघालें कीं नेरी मागें टाकून सुमारें तासाभरानें पहूर लागतें. भारी एस्.यू.व्ही.ची बैठक पारखण्यास आम्हांस हाच टप्पा योग्य वाटतो. विक्रेत्याच्या दालनांत पांच मिनिटें बसून गादी मऊ लागली म्हणजे गिऱ्हाईक संतुष्ट होतें. पण कंबर बोलूं लागते ती पहूरला चहास उतरतांना.

हल्लींच्या फॉर्च्युनरसारख्या गाड्यांत चालकाची बैठक विजेच्या कळीनें पुढें-मागें, वर-खालीं सरकते. सोय उत्तम खरी. मात्र क्रम चुकला तर व्यर्थ. प्रथम कंबर थेट पाठीमागें भिडवावी. ब्रेक पूर्ण दाबूनहि गुडघा किंचित् वाकलेला राहील, इतकी बैठक पुढें घ्यावी. मग पाठ न उचलतां मनगट चक्राच्या माथ्यावर टेकतें कीं नाहीं, तें पाहावें. छाती व चक्र यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवें. एअरबॅग उघडते ती क्षणार्धांत आणि मोठ्या जोरानें, हें विसरूं नये.

एकत्र कुटुंबांत खरी अडचण निराळीच. सकाळीं सहा फुटी दीर गाडी नेतो, दुपारीं पांच फुटी वहिनी. ती बहुधा संकोचानें दिराच्याच मापांत बसते आणि पाय ताणून ब्रेक गांठते. फर्दापुरापुढील अजिंठ्याच्या घाटांत ही भीड जिवावर बेतेल! प्रत्येकाचें माप लक्षांत ठेवणारी कळ ज्या गाडींत आहे, ती आम्ही म्हणूनच पसंत करूं. कातड्याच्या रंगावर घरोघर जितका खल होतो, तितका या कळीवर होत नाहीं. गाडी पारखावयास जातांना घरांतील सर्वांत बुटक्या चालकास अवश्य न्यावें, आणि पहूरहून परततांना चक्र त्याच्याच हातीं द्यावें.