राजापूरच्या खाली गेलेलं पाणी

शिरोळ तालुक्यातला राजापूरचा बंधारा कृष्णेवरचा महाराष्ट्रातला शेवटचा. त्याच्या खाली नदी कर्नाटकात शिरते. पावसाळ्याच्या तोंडावर तिथे पाणी अडवणारे बरगे काढायचं काम चाललं होतं. महिनोन्‌महिने पाण्यात राहून शेवाळलेला बरगा खाचेतून सहजी सुटत नाही. तो एका अंगाला कलला की अडकतो. मग माणसं ओरडून एकमेकांना थांबवतात, पुन्हा सरळ करतात, आणि तो इंचाइंचानं वर येतो. हे वेळेत झालं नाही तर पुराला आपणच अडसर घातल्यासारखं होतं.

एकदा पाऊस लागला की इथली बोली आकड्यांची होते. ‘आयर्विनला किती फूट?’ सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पण शिरोळच्या माणसाला तेवढ्यानं भागत नाही. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, म्हणून त्याला कोल्हापूरची पातळीही हवी, कोयना धरणाचा विसर्गही हवा, आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात आवक किती, सोडतायत किती, हेही हवं. अलमट्टीतून १ लाख क्युसेक दिवसभर सोडले, तरी धरणातून जेमतेम साडेआठ टीएमसी पाणी कमी होतं. तेही वरून काहीच आलं नाही तर. म्हणून विसर्ग वाढवायचा तो पूर दारात येण्याआधी. आणि त्यासाठी कोल्हापूर-सांगलीतला आकडा अलमट्टीच्या अभियंत्याकडे तासातासाला पोचायला हवा.

पावसाळ्यात अलमट्टीची पातळी ५१७ मीटरच्या आसपास राखावी, हा महाराष्ट्राचा आग्रह. उन्हाळ्यात मात्र कोयना-वारणेचं पाणी सोडा म्हणून कर्नाटकाची विनंती येते. दोघांनाही एकमेकांची गरज आहे, आणि ती वर्षातून दोनदा उघडी पडते. तरीही धरणाच्या उंचीवरचं भांडण जेवढं गाजतं, तेवढी या रोजच्या देवाणघेवाणीची चर्चा होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मंत्र्यांच्या बैठका हव्यातच. पण मध्यरात्री पाणी चढताना उपयोगी पडतो तो पलीकडच्या कनिष्ठ अभियंत्याचा चालू फोन आणि दोघांची आधीपासूनची ओळख. ती ओळख मे महिन्यातच व्हावी. दोन्हीकडच्या तलाठ्यांनी, पोलीसपाटलांनी, बंधाऱ्यावरच्या माणसांनी एकत्र बसून कुठली गावं आधी हलवायची, जनावरं कुठल्या रस्त्यानं न्यायची हे ठरवावं. आणि कर्नाटकातल्या हिप्परगी बंधाऱ्याची किती दारं उघडी आहेत, हे पावसाळाभर रोज सकाळी शिरोळच्या तहसील कचेरीतल्या फळ्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलं जावं.